मलप्पाच्या खालून पाइप

गळ्याची आन! मोठ्यानं सांगते, पल्याडच्या गल्लीला बी ऐकू जाऊ द्या. यातला एकूण एक शब्द खरा हाय. खोटा निघाला तर आठ दिस माझ्या भाकरीला चटणी देऊ नका.

लातूरला रेल्वेनं पाणी आलं ना, त्या साली. आमच्या शिरूर अनंतपाळकडं विहिरी अशा आटल्या की बेडकं पोहायला विसरली! टँकर आला की घागरीच भांडायच्या, बाया नुसत्या बघायच्या. अन् पारावर गप्पा कशाच्या, तर उदगीर नवा जिल्हा होणार. माझी मैत्रीण दानम्मा म्हणायची, "जिल्हा मागून द्या, आधी हंडाभर पाणी द्या."

गावात नवी टाकी झाली. पण आमची बौद्धांची वस्ती लिंगायतांच्या स्मशानभूमीच्या पल्याड. पाइप न्यायला दुसरी वाट न्हाई. तिथं माणसं बसवून पुरलेली. दानम्माचा नवरा मलप्पा बी तिथंच बसलेला. कुदळ कोण लावू देतंय?

तवा ती मशीन आली. उकरायचं न्हाई, फोडायचं न्हाई! अल्याड तिरपी सळई जमिनीत घुसवायची, खोल खालून न्यायची, पल्याड वर काढायची. मग भोक मोठं करून त्यातनं पाइप ओढायचा. सळईचं तोंड कुठं पोचलं ते शेषेराव मशीनवाला वरून चालत हातातल्या यंत्रात बघायचा.

दानम्मा समाधीजवळ ठाण मांडून बसली. समाधीवर काठोकाठ पाण्याचा पितळी पेला ठेवला.

"माझा माणूस हलला, एक थेंब जरी सांडला, तर मशीन बंद!"

"दानम्माक्का," मी म्हणलं, "मलप्पा जिता असताना तरी कुठं जागचा हलायचा?"

"गप गं चांगुणे!" पण पदराआड हसली.

मशीन घरघरली. शेषेराव एकेक पाऊल टाकीत आला अन् थांबला. "आता बरोबर खाली हाय."

सगळ्यांचे डोळे त्याच्या यंत्रावर. माझे पेल्यावर. पाणी थरथरलं, फुगलं, काठावर आलं... आता सांडतंय, गेला आमचा नळ! मी काय केलं? झडप घातली, पेला उचलला अन् घटाघटा अर्धा पिऊन परत ठेवला. आता सांड म्हणावं!

दानम्मा ओरडली, "सांडला न्हाई! जाऊ द्या पुढं!"

अन् काय सांगू, पल्याड आमच्या वस्तीतल्या पंचशीलाच्या दारापुढं माती फुगली, चिखल उडाला, सळईनं नाक वर काढलं! पोरं नाचली, म्हातारे नाचले, मी बी नाचले.

नळाला पाणी आलं तवा पहिला पेला मी दानम्माला नेऊन दिला.

बरं, एक गोष्ट बनवलेली हाय. पेल्यातलं पाणी मी न्हाई पिलं. दानम्मानंच पिलं, तोंड पुसलं अन् मग ओरडली. तिला भावकीत कोण बोलू नये म्हणून मी माझं नाव घालत होते. काल तीच म्हणली, "सांगून टाक गं आता, मलप्पा काय उठून भांडायला येत न्हाई."

बेडकांचं मात्र खरं हाय.