दोन ओटीपींमधला वेळ

मोखाड्यात एसटी स्टँडसमोर, किराणा दुकानाच्या माडीवर माझं ऑफिस आहे. बाहेर टॅक्स सल्लागार म्हणून माझ्या नावाची पाटी आहे आणि आत माझ्या तोंडाचा पट्टा. शिक्षक, ठेकेदार, दुकानदार, सगळे शेवटच्या तारखेला दारात गर्दी करतात आणि वर मलाच म्हणतात, "हर्षदाताई, तेवढं बघा ना." मी बघते, पण चार शब्द ऐकवल्याशिवाय नाही.

रुपी यांच्यातली नव्हती. महिना उलटला की पहिल्याच बाजाराच्या दिवशी ती पोशेऱ्याहून जीपने हजर. तिच्या नवऱ्याचं, रमेशचं, गावात वेल्डिंगचं दुकान होतं. ग्रामपंचायतीच्या खिडक्या-दारांची कामं मिळाली तेव्हा पक्कं बिल हवं म्हणून त्याने माझ्याकडूनच जीएसटी नंबर काढून घेतला. पुढे कामं आटली. रमेश वसईला एका कारखान्यात वेल्डर म्हणून लागला आणि दुकानाला कुलूप पडलं. नंबर मात्र चालू राहिला. नंबर चालू असला की धंदा शून्य असो, दर महिन्याला शून्याचं रिटर्न भरावंच लागतं. फॉर्म दोन, आणि प्रत्येकावर सहीऐवजी एक ओटीपी. तो जायचा रमेशच्या मोबाइलवर.

मग रुपी माझ्यासमोर बसून त्याला फोन लावायची. तो आकडे सांगायचा, ती मला सांगायची. दुसरा फॉर्म उघडून त्याचा ओटीपी जाईपर्यंत फोन चालूच. आमच्याकडचं नेट म्हणजे आलं तर आलं. मी संगणकाला शिव्या घालत बसायचे आणि रुपी भिंतीकडे तोंड करून हळूहळू बोलायची.

"नागली झोडून झाली. शेळी व्याली, दोन पिलां हायेत. तुझ्या दुकानाचा पत्रा उडाला व्हता, मी दगड ठेवलाय."

पलीकडून "हं" यायचं. कधी "बरं."

मी माझं काम केलं, सल्ला दिला. म्हटलं, "रुपी, तीन महिन्यांतून एकदा भरायची सोय आहे. जीपचं भाडं वाचेल."

"नको ताई. महिन्याचं बरं हाय."

"मग नंबरच रद्द करून टाकू. कटकट मिटेल."

"तू बंद नको करू," ती घाईने म्हणाली. ती मला 'तू'च म्हणते. तिच्या बोलीत मान आवाजात असतो.

माझं डोकं सटकलं. "अगं, धंदा नाही, गिऱ्हाईक नाही, दुकानात उंदीर नांदतात. कशासाठी हा आटापिटा?"

ती हातातल्या मोबाइलकडे बघत राहिली. "उगाच फोन केला का, तो विचारतो, 'काय काम हाय?' काम नसलं का मला बोलायलाच येत नाय. हे काम हाय ताई."

रमेश दोन होळ्यांना घरी आला नव्हता. वसईला गेलेली सगळी माणसं होळीला पाड्यावर येतात, नाचतात, चार दिवस राहतात. तो आला नव्हता, का ते त्याने सांगितलं नव्हतं आणि तिने विचारलं नव्हतं. त्यानंतर मी नेटला शिव्या देणं सोडलं. शून्याचं रिटर्न, पण मी ते चष्मा पुसून पुसून, सावकाश भरायला लागले.

डिसेंबरात रमेशचाच मला फोन आला. "मॅडम, तो नंबर बंद करा. इथं मशीन हातात असतं, ओटीपीसाठी फोन आला का शेठ बोलतो." त्याच्या बोलण्यात राग नव्हता, कंटाळा होता. राग असता तर मी भांडले असते. धंदा त्याच्या नावावर, नंबर त्याचा. मला नाही म्हणायचा अधिकार नव्हता.

रुपी आली तेव्हा तिला सांगितलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "तो बोलला?"

"हो."

"मंग कर."

अर्ज भरला. रद्द करण्याचं कारण निवडा, असं आलं. 'व्यवसाय बंद' निवडलं. तिने फोन लावला. रमेशने आकडे सांगितले.

"परत सांग," रुपी म्हणाली.

त्याने सांगितले.

"आवाज येत नाय. परत सांग."

आवाज चांगला खणखणीत होता, मला टेबलाच्या अलीकडे ऐकू येत होता. आकडे कधीच टाकून झाले होते, पण बटण दाबायला माझा हात पुढे होईना. ओटीपीची मुदत संपली. "दुसरा मागवते," मी म्हणाले, आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. पण दुसरा आला, तो त्याने भराभर सांगितला, आणि अर्ज गेला.

रुपी उठायला लागली. मी म्हटलं, "बस. रद्द झाल्यावरही एक शेवटचं रिटर्न असतं. तीन महिन्यांची मुदत मिळते."

"त्याला बी ओटीपी?"

"त्यालाही."

ती पुन्हा नीट बसली. तिचा चेहरा बघून मला राहवलं नाही. "त्याला सांगू का, की या शेवटच्याला फोन चालत नाही, स्वतः यावं लागेल? माझ्या शब्दावर येईल तो."

रुपीने मान हलवली. "खोटं नको सांगू. मंग तो कागदासाठी आला आसं व्हईल." मग तिने विचारलं, "होळी त्या तीन महिन्यांत येते?"

"येते."

"होळीला आला तर तुझ्यासमोर बसून भरू. नाय आला तर फोन लावीन." जिन्यापर्यंत जाऊन ती परत वळली. "ताई, शेवटच्या तारखेला भर."

शेवटच्या तारखेला येणाऱ्यांना मी आजवर कधी सोडलेलं नाही. "बरं," मी म्हणाले, आणि त्या दिवशी दारात कितीही गर्दी असली तरी आधी तुझंच काम करीन, असं तिला जिन्यावरून ओरडून सांगितलं.