सांगली जिल्हा वगळून

राजेश्वरी गेली त्याला चार महिने झाले होते, तरी कृष्णात निकम रोज सकाळी दहाला वडूजच्या कोर्टासमोरच्या ऑफिसचं कुलूप काढत होता. तो वकील नव्हता. पलटणीतून सुभेदार होऊन परत आल्यावर बायकोच्या फायली सांभाळणं, पक्षकारांना तारखा कळवणं, गाडी चालवणं, एवढं काम त्यानं सोळा वर्षं केलं. वकील राजेश्वरी. पुढाऱ्यांच्या विरोधात गेल्यामुळं ज्यांच्यावर केसा पडल्या, त्यांची कामं ती फी न घेता करायची. लोक तिला वकीलबाई म्हणायचे आणि त्याला सुभेदार. आता शेजारच्या टेबलावर अपेक्षा बसायची. ती राजेश्वरीची ज्युनिअर, वकिलीला तीनच वर्षं झालेली.

"काका, अर्जुनाच्या अपिलाला अकरा दिवस राहिलेत," एका सोमवारी ती म्हणाली. "अपील मी लिहिते. पण संक्रांतीचा पुरावा नसला तर त्यात दम नाही."

कृष्णातनं फाईल उघडली. अर्जुना गोरड म्हसवडच्या अलीकडच्या वाडीतला मेंढपाळ. गावचं गायरान सौरऊर्जेच्या एका कंपनीला दिलं, तेव्हा तो दोनशे मेंढरं घेऊन तिथं जाऊन बसला, आणि त्याच्यामागं सगळी वाडी बसली. कंपनीत भागी होती सांगलीकडच्या एका साखर कारखान्याच्या चेअरमनची. वर्षभरात अर्जुनावर चार गुन्हे दाखल झाले आणि मग तडीपारीची नोटीस आली. नोटिशीला उत्तर राजेश्वरीनं दवाखान्यात, हाताला सलाईन लावलेलं असताना सांगितलं आणि अपेक्षानं ते लिहून घेतलं. ते उत्तर कुणी वाचलं की नाही देव जाणे. ती गेल्यावर तीन महिन्यांनी आदेश निघाला. अर्जुनानं दोन वर्षं सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत पाऊल टाकायचं नाही. तो सोलापूर जिल्ह्यात बहिणीच्या दारात जाऊन पडला होता.

आदेशाचा सगळा भार एका गुप्त जबाबावर होता. जबाब देणाऱ्याचं नाव झाकलेलं, नुसतं 'साक्षीदार अ'. संक्रांतीच्या दिवशी दुपारी म्हसवडच्या बाजारात अर्जुनानं कोयता दाखवून आपल्याला धमकावलं, असं त्याचं म्हणणं.

पण दिवाळी झाली की माणदेशातले मेंढके खाली कृष्णाकाठाला उतरतात. ऊस तुटलेल्या रानात शेतकरी मेंढरं बसवून घेतात, लेंडीखत होतं म्हणून. संक्रांतीला अर्जुनाचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, सांगली जिल्ह्यातल्या एका गावात, जयराज नावाच्या बागायतदाराच्या रानात होता. फायलीच्या समासात राजेश्वरीच्या अक्षरात तीन शब्द होते: जयराज, म्हैस, विचारणे. विचारायला ती स्वतः जाणार होती.

"मी जातो," कृष्णात म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो पुसेसावळी, कऱ्हाड करत दुपारी त्या गावात पोचला. स्टँडवर चहाची टपरी होती, आणि टपरीवर ज्योतिबा. एकाच पलटणीत, एकाच तंबूत काढलेली सात वर्षं. त्यानं कडकडून मिठी मारली. राजेश्वरीचं कळल्यावर पागोट्याच्या टोकानं डोळे पुसले. चहा झाला, भजी झाली.

"हिकडं कुठं आडवाटंला, सुभेदार?"

पलटणीतल्या माणसाशी काय लपवायचं! कृष्णातनं सगळं सांगून टाकलं. बाकड्यावर आणखी चौघं चहा पीत बसले होते. त्यातला एक चहा अर्धा ठेवून उठला आणि मोटारसायकल काढून गेला. तो कारखान्याच्या गट ऑफिसात स्लिपबॉय होता, हे कृष्णातला फार उशिरा कळलं. कारखान्याच्या पट्ट्यात कुणाचा ऊस कधी तुटायचा याची चिठ्ठी त्याच ऑफिसातून निघते.

राजेश्वरी साक्षीदाराकडं जायची तेव्हा वाटेत कुठं पाणीसुद्धा प्यायची नाही. सरळ त्याच्या घरी, तिथनंही सोप्यात न बसता आत बायकांच्यात. कृष्णात दर वेळी गाडीत बसून राहायचा आणि मनात म्हणायचा, हिला माणसांत मिसळायचं वावडं आहे.

जयराजच्या घरी तो गेला तेव्हा जयराज दारातच उभा होता. पन्नाशीचा, पांढऱ्या पायजम्यातला माणूस, हातात मोबाईल.

"या सुभेदार. कशाला आलाय ते कळलं. तुमी स्टँडवर चा पीत हुता तवाच फोन आला."

कृष्णातनं पायरीशी चपला काढल्या.

"बसा. आलाय तर पाणी घ्या. पण कागदाचं नाव काढू नगा."

"अर्जुना संक्रांतीला तुमच्याच रानात होता न्हवं?"

"हुता की. तोंडानं शंभरदा सांगतो. माझी म्हस अडली हुती त्या दिवशी. डॉक्टर शिराळ्याकडं गेलता, फोन लागंना. अर्जुनानं कोपरापत्तुर हात घालून रेडी फिरवली. बारापास्नं दिवस बुडंपत्तुर गोठ्यातनं हालला न्हाई गडी. ती बगा रेडी, ती काय." त्यानं गोठ्याकडं बोट केलं. "पण ह्ये कागदावर लिवून दिलं तर माझा चार एकर ऊस रानात वाळंल. फोनवर कारखान्याच्या मानसानं तसं सांगितलं न्हाई. 'जयराजभाऊ, तुमची चिठ्ठी पुढच्या हप्त्यात काढायचा इचार चाललाय,' एवढंच म्हनला. काय समजायचं ते मी समजलो."

आतनं त्याची बायको शालूबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली. तांब्या ठेवून तिथंच दाराला टेकून उभी राहिली.

"मी देते लिवून," ती म्हणाली.

"तू आत जा."

"संक्रांतीला त्येची बायको हरणाबाई वाण घिऊन माझ्याकडं ववसायला आलती. तिच्या देखत रेडी जल्मली. मी काय आंधळी हाय?"

"अगं, सातबारा कुणाच्या नावावर हाय?"

"तुमच्या. म्हंजे माझ्या नावावर उसाची कांडीबी न्हाई. मग माझं काय वाळवत्यात ते वाळवू द्या."

जयराज हसला नाही. "ऐकलं का सुभेदार? वकीलबाई मेल्या पर आमच्या घरात दुसरी तयार झाली." आणि मग लगेच त्याचा चेहरा पडला. "चुकलं. तसं म्हनायचं न्हवतं मला."

"असू दे," कृष्णात म्हणाला.

त्याला आपलंच घर आठवत होतं. पाच वर्षांपूर्वी शिरवळच्या कामगारांची केस राजेश्वरीनं घेतली, तेव्हा रात्रीअपरात्री धमकीचे फोन यायला लागले. त्यानं तिला सांगितलं, ही केस सोडायची, नाहीतर मी गावाकडं जाऊन राहतो. तिनं सोडली. त्यातल्या तिघांना शिक्षा झाली. तिनं त्याला कधी बोलून दाखवलं नाही, पण त्या तिघांच्या घरी दर दिवाळीला ती एकटीच जायची. त्याला गाडी काढ म्हणायची नाही, एसटीनं जायची.

हातातोंडाशी आलेला पुरावा होता. बाईला आणखी दोन शब्द बोलून चढवलं असतं तर ती तिथल्या तिथं गाडीत बसली असती. पण साक्षीदाराला आधी त्याचं नुकसान सांगायचं, हा राजेश्वरीचा नेम होता.

"वहिनी," तो म्हणाला, "सातबारा कुणाच्याबी नावावर असू दे. तुमी सही केली तर हा ऊस राहणार. त्यात माझीबी चूक हाय, मी टपरीवर बोलाय नको होतं. आन् सही करून अर्जुना सुटंलच असं मी सांगू शकत न्हाई. उद्या अकराला तालुक्याच्या कोर्टापाशी नोटरी बसतो, तिथं मी थांबतो. आला तर आला. न्हाई आला तर तुमच्यावर राग न्हाई."

जयराज उठून गोठ्याकडं निघून गेला.

दुसऱ्या दिवशी कृष्णात दहापासून नोटरीच्या टेबलाशेजारी उभा होता. अकरा वाजले. बारा वाजले. नोटरीनं दोनदा विचारलं, सुभेदार, येणार आहे का कोण? साडेबाराला रस्त्याच्या पलीकडं जयराजची मोटारसायकल थांबली. शालूबाई उतरून पदर सावरत एकटीच आली. जयराज गाडीवर तसाच, दुसरीकडं तोंड करून बसला.

"ह्यानीच आणलं," ती म्हणाली. "वाटंत एक सबुद बोलले न्हाईत. लवकर करा, न्हाईतर इचार बदलंल."

"कुणाचा?"

"माझाच," शालूबाई म्हणाली.

प्रतिज्ञापत्र वाचून दाखवलं. रेडी किती वाजता जन्मली तिथं तिनं दुरुस्ती सांगितली. सही केली, आधारकार्ड दाखवलं आणि गेली. मोटारसायकल सुरू झाल्यावर जयराजनं एकदा कृष्णातकडं बघून मान हलवली. त्यात राग होता की राम राम, ते त्याला कळलं नाही.

अपील मुदतीत मुंबईला मंत्रालयात पोचलं. आदेशाला स्थगिती मिळाली नाही. सुनावणी जानेवारीत लागली, ती पुढं गेली. फेब्रुवारीत पुन्हा गेली. त्या दोन महिन्यांत कृष्णाकाठचे फड एकेक करून मोकळे झाले. जयराजच्या रानाच्या चारी बाजूंचा ऊस तुटला. त्याचा तसाच उभा राहिला, त्याला तुरे आले. मार्चमध्ये गाळप संपून कारखाना बंद झाला तेव्हा त्यानं निम्मा ऊस पडेल त्या भावानं एका गुऱ्हाळाला घातला. बाकीचा वाळला. कृष्णात त्याला दर आठवड्याला फोन करायचा. जयराज फोन उचलायचा, "चाललंय," म्हणायचा आणि ठेवायचा. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

मार्चअखेरीला निकाल आला. अपेक्षानं तो दोनदा वाचला आणि कागद कृष्णातपुढं सरकवला.

"काका, शेवटचा परिच्छेद बघा."

सांगली जिल्ह्यातील वास्तव्यात अपीलकर्त्याची वर्तणूक शांततेची असल्याचे सादर प्रतिज्ञापत्रावरून दिसून येते, असं तिथं लिहिलं होतं. सबब, अपील अंशतः मंजूर. सांगली जिल्हा वगळून उर्वरित आदेश कायम.

"म्हंजे त्या दिवशी तो सांगलीत होता हे ह्यांनी मानलं," कृष्णात म्हणाला.

"मानलं."

"आन् त्याच दिवशी, त्याच वेळी म्हसवडात कोयता घेऊन होता हेबी मानलं?"

"त्याबद्दल काही लिहिलंच नाही. आता हायकोर्ट. नंबर लागायला सहा महिने तरी जातील."

कृष्णातनं कागद नीट घडी करून फायलीत लावला. राजेश्वरी असती तर रात्रीत रिट लिहायला बसली असती. अपेक्षाही बसली, पण आधी बाहेर जाऊन तोंड धुऊन आली.

हरणाबाई आणि तिचा थोरला दीर त्या साली मेंढरं घेऊन जयराजच्याच रानाजवळ उतरले होते. निकालाच्या दुसऱ्या दिवशी अर्जुना सोलापूरकडून फेऱ्यानं सांगली जिल्ह्यात शिरला आणि त्यांना येऊन मिळाला. सहा महिन्यांनी नवराबायको एका पालात राहिली. जयराजनं वाळक्या उसात मेंढरं सोडायला सांगितली. "खाऊ दे," म्हणाला, "कारखान्याच्या पोटात जायचं ते मेंढराच्या गेलं."

मेअखेरीला वाडे माघारी फिरले. पेरण्या तोंडावर आल्या होत्या, अर्जुनाची म्हातारी आई बयाबाई घरी अंथरुणाला खिळली होती. हरणाबाईला जाणं भागच होतं. अर्जुनानं कृष्णातला फोन केला.

"सुभेदार, मी मायणीच्या अलीकडंपत्तुर मेंढरासंगं येतो. पर हद्द नेमकी कुठं हाय? मेंढरामागं चालताना माझं ध्यान ऱ्हात न्हाई. आजवर आमी वढा बघितला, चारा बघितला, जिल्हा कवा बघितलाच न्हाई. दोन पावलं पुढं गेलो तर धरत्याल."

"धरतील. आन् आत गेलास तर हायकोर्टाचंबी संपलं. थांब, मी येतो."

सकाळी आठला कृष्णात हद्दीवर जाऊन उभा राहिला. विट्याकडनं येणाऱ्या रस्त्यावर जिल्ह्याची पाटी आहे, तिच्या पलीकडं पन्नास पावलांवर पोलिसांची जीप सावलीला लावलेली होती. आत दोघं बसले होते. त्यांनाही कुणीतरी वाडे निघाल्याचं कळवलं असणार.

नऊच्या सुमाराला मेंढरं आली. पुढं दीर, मधी घोड्यावर बिऱ्हाड, मागं हरणाबाई आणि अर्जुना. कृष्णातनं रस्त्यात येऊन हात आडवा धरला. अर्जुना पाटीच्या अलीकडं जागच्या जागी थांबला. मेंढरं त्याच्या दोन्ही अंगांनी पुढं जात राहिली. कुत्रं पाटी ओलांडून गेलं, मालक येत नाही बघून परत आलं, पुन्हा गेलं.

"आयला रातच्याला पाय चोळून देत जा," अर्जुना म्हणाला.

"देती की. आजवर कवा न्हाई दिलं?" हरणाबाई म्हणाली. "तुमी जेवत जावा. जयराजबापूच्या घरी कामाला ऱ्हायलाय तर लाजू नगा जेवायला."

"न्हाई लाजत."

"लाजताय. मला म्हाईत हाय."

ती कृष्णातकडं वळली. "सुभेदार, कवा येत्याल हो ह्ये?"

खोटं सांगायची सोय नव्हती. "सांगता येत न्हाई, बाई. आमी सोडलेलं न्हाई, एवढंच."

तिनं मान हलवली, डोक्यावरचं बोचकं सारखं केलं आणि पाटी ओलांडून चालू लागली. जीपमधल्या एकानं खाली उतरून कळपाकडं नजर टाकली, अर्जुना कुठं उभा आहे ते बघितलं आणि परत आत जाऊन बसला.

अर्जुना पाटीच्या खांबाला धरून उभा होता. कळप उताराला लागला, धूळ उठली.

"आगं, त्या लंगड्या कोकराला मागं ठिवू नगं!" तो ओरडला. "उचलून घे!"

लांबनं हरणाबाईचा आवाज आला, "घेतलंया!"

"आन् वरच्या पट्टीत बाजरी टाक, मटकी नगं. न्हाईतर दादाला इचार. आन् विहिरीचा दोर जुना झालाय, बदलून घे. आन् आयला सांग, मी येतोय म्हून..."

कळप वळणाआड गेला होता. तिकडनं आता उत्तर येत नव्हतं, तरी अर्जुना एकेक काम आठवून सांगत राहिला. कृष्णात शेजारी उभा राहून ऐकत होता. त्यानं त्याला थांबवलं नाही.