आपण बघू

"मंडळीत कोणी ‘आपण बघू’ म्हणालं ना, की खुशाल समज, बघणारं कोणी नाही," असं पेटीवाल्या मावशी म्हणाल्या होत्या, आणि तिने ते हसण्यावारी नेलं होतं.

नेलं, कारण त्या वेळी ती मावशींच्या दारात एका कडेवर मुलगी आणि दुसऱ्या खांद्यावर पिशवी घेऊन उभी होती, आणि पिशवीतून तापाचं औषध गळत होतं. शिवाय तिरकं बोलायची मावशींना सवयच होती. उभा जन्म चर्चमध्ये पेटी वाजवण्यात गेलेला. पेटी समोर असायची आणि मंडळी तिच्या समोर. त्यामुळे कोण डोळे मिटून प्रार्थना करतंय आणि कोण नुसतंच डोळे मिटून बसलंय, हे मावशी भाते हलवता हलवता सांगायच्या.

"असं काय म्हणता मावशी," ती म्हणाली होती. "अख्खी मंडळी आहे तुमच्या मागे."

"अख्खी मंडळी विमानात असणार आहे. माझ्या मागे भिंत."

मंडळीचं वार्षिक शिबिर परदेशात असायचं. पूर्वी ते चर्चच्याच हॉलमध्ये व्हायचं, पण उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांच्या लक्षात आलं की घराजवळ शिबिर घेतलं की माणसं दुपारी दूध तापवायला घरी जातात आणि शास्त्राभ्यास अर्धवट राहतो. समुद्र ओलांडला की दूध तापवायला जाता येत नाही. या मुद्द्यावर कोणाकडे उत्तर नव्हतं, आणि असतं तरी कोणी दिलं नसतं, कारण हॉटेलला पोहण्याचा तलाव होता.

मावशींचे गुडघे मात्र समुद्र ओलांडायला तयार नव्हते. निघण्याआधीच्या उपासनेत पाळकसाहेब म्हणाले, "आपल्या मावशी मागे राहत आहेत. त्यांच्याकडे आपण सगळे लक्ष देऊ." सगळ्यांनी मनापासून आमेन म्हटलं आणि घरी जाऊन बॅगा भरल्या. ‘आपण’ हा शब्दच मोठा सोयीचा. ‘मी’ म्हटलं तर उठावं लागतं, ‘तुम्ही’ म्हटलं तर भांडण होतं. ‘आपण’ म्हटलं की बसल्या जागी काम झाल्यासारखं वाटतं.

हॉटेलच्या सभागृहात जाड पडदे होते, हुडहुडी भरेल असा एसी होता आणि मंचामागे शिबिराच्या विषयाचा फलक होता: ‘जागे राहा’. जेवणानंतरच्या सत्रात त्या फलकाखाली बसलेल्यांपैकी फार थोड्यांना ते जमत होतं. तिला जमत होतं, पण त्यात तिचं काही कौतुक नव्हतं. तिला झोप अशी येतच नसे. खोलीत पाऊल टाकताच तिने विजेची बटणं पाहिली, गॅलरीच्या गजांतून मुलीचं डोकं जातं का ते पाहिलं, तलावाच्या फाटकाला कडी आहे का ते पाहिलं. बॅगेत अर्धं औषधांचं दुकान होतं. मंडळीचे खजिनदार तिला ‘काळजीवाहू सरकार’ म्हणत, आणि तिचा नवरा त्यावर सगळ्यांच्या आधी हसे.

दुसऱ्या दिवशी सकाळचं गीत रेकॉर्डवर लावलं होतं. सूर इतका वरचा लागला की बायकांचे गळे बसले आणि पुरुषांनी नुसते ओठ हलवले. तेव्हा तिला मावशींची आठवण झाली. बाहेर येऊन तिने फोन लावला. वाजून वाजून थांबला. नाश्त्यानंतर लावला, पुन्हा तेच. मावशी तर पहिल्या घंटेला उचलून "बोल, काय सांडलं?" असं विचारणाऱ्या. तिच्या मनात पाल चुकचुकली.

खजिनदार फळांच्या टेबलापाशी सापडले.

"काय सरकार, आज कोणतं संकट?"

"मावशी फोन उचलत नाहीत. तिकडे त्यांच्याकडे बघायला कोण आहे?"

"आपण सांगितलंय ना."

"कोणाला?"

"ते सेक्रेटरींना ठाऊक."

सेक्रेटरी तलावात होते. त्यांनी डोकं पाण्याबाहेर काढून महिला संघाचं नाव घेतलं आणि पुन्हा पाण्यात घातलं. महिला संघाच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, "अगं, मला वाटलं पाळकीणबाईंनी कोणाला तरी ठेवलंय." पाळकीणबाईंनी तिचा हात हातात घेतला. त्या मनाने खरंच चांगल्या होत्या.

"आपण रोज सकाळी त्यांना प्रार्थनेत आठवतोच की गं. देवापेक्षा जास्त कोण बघणार?"

"देव बघतोच हो. जिना कोण चढणार?"

"तू जरा समुद्रावर फिरून ये," पाळकीणबाई म्हणाल्या.

नवरा म्हणाला, "झोपल्या असतील. सगळ्यांना तुझ्यासारखं वाटत नाही." मग तो मुलीला घेऊन वाळूत गेला, आणि ती खोलीत येरझाऱ्या घालत राहिली. तेवढ्यात कपाटाच्या दाराला टांगलेल्या गायकवृंदाच्या झग्याकडे तिची नजर गेली. झग्यावर अजून इस्त्रीवाल्याची प्लास्टिकची पिशवी होती आणि पिशवीवर दुकानाचा फोन नंबर. मावशी त्याच दुकानाच्या वरच्या मजल्यावर राहत. इस्त्रीवाला मंडळीतला नव्हता. मंडळीशी त्याचा संबंध झग्यांपुरता.

तिने फोन केला, उचलला नाही. मग मेसेज टाकला: "मी चर्चमधली, छोट्या मुलीची आई. वरच्या मावशी फोन उचलत नाहीत. जरा वर जाऊन बघाल का?"

उत्तर आलं ते दुपारच्या सत्रात. "मावशी शांत झोपल्या. डॉक्टर येऊन गेले. पुढचं मी बघतो. तुम्ही काळजी करू नका."

हेच वाक्य दुसऱ्या कुठल्या घरात वाचलं असतं तर माणसाने सुटकेचा श्वास सोडला असता. पण या मंडळीत कोणी मरत नसे. सगळे झोपी जात. चर्चच्या फलकावरच्या सूचनेत, शोकसभेच्या पत्रिकेत, दफनभूमीतल्या दगडांवर, जो तो प्रभूमध्ये शांत झोपी गेलेला. शेजारच्या खुर्चीवरून पाळकीणबाईंनी मेसेज वाचला आणि तोंडाला पदर लावला. ओळीमागून ओळ उलटी वळली, कुजबुज मंचापर्यंत गेली. ‘जागे राहा’ या विषयाचा तिसरा मुद्दा राहिला तो राहिलाच. तिने इस्त्रीवाल्याला पुन्हा पुन्हा फोन लावला, पण पलीकडून कोणी बोलेना.

संध्याकाळच्या उपासनेची स्मरणसभा झाली. कोणाच्या तरी मोबाइलमधून मावशींचा फोटो निघाला, तो पडद्यावर मोठा करून दाखवला. फोटोत मावशींच्या बाजूला खजिनदारांचं कोपर होतं, ते काही केल्या कापलं जाईना. वर फलक तसाच: ‘जागे राहा’.

साक्षी मात्र सुंदर झाल्या. सेक्रेटरी म्हणाले, मी त्यांना आईच्या जागी मानत होतो. अध्यक्षबाई म्हणाल्या, त्यांच्या हातची पेटी म्हणजे स्वर्गाचं दार. ज्या खजिनदारांनी पेटी काढून कीबोर्ड आणायचा ठराव दोनदा मांडला होता, ते म्हणाले, "अखेरपर्यंत आपण त्यांच्या संपर्कात होतो," आणि त्यांचा आवाज खरोखर भरून आला. लबाडी कोणाचीच नव्हती. प्रत्येकाला वाटत होतं की आपल्याशिवायचे बाकी सगळे संपर्कात होते.

ती मागच्या ओळीत मुलीला मांडीवर घेऊन रडत होती. अख्खी मंडळी आहे तुमच्या मागे, हे आपलंच वाक्य तिला आतून टोचत होतं. तिने मेसेज पुन्हा उघडला. पुढचं मी बघतो. मी. सकाळपासून तिने इतक्या जणांना विचारलं, पण ‘मी’ म्हणणारा हा एकटाच. आणि हा एकटाच मंडळीबाहेरचा. तिचे डोळे त्या वाक्यावरून मागे सरकले. मंडळीबाहेरच्या माणसाची झोप वेगळी असते. त्याने ‘झोपी गेल्या’ लिहिलेलं नव्हतं. त्याने ‘झोपल्या’ लिहिलं होतं.

ती मुलीला घेऊन बाहेर व्हरांड्यात आली. या वेळी फोन उचलला गेला.

"इस्त्री चालू होती हो. ढीग पडलाय कपड्यांचा. बोला."

"मावशी... कधी झोपल्या?"

"दुपारीच. डॉक्टरांनी गोळी दिली ना."

"आणि आता?"

"आता उठल्यात. मी केलेल्या चहाला नावं ठेवतायत."

इस्त्रीवाल्याने सगळं सांगितलं, तेही तक्रारीच्या सुरात. मावशी सकाळी मोरीच्या दारात घसरल्या. हाड शाबूत, पण पाय सुजून हा एवढा. फोन कपाटावर, मावशी जमिनीवर. मग त्या काठीने जमीन ठोकत बसल्या.

"मला खाली ऐकू येत होतं. मला वाटलं, ताल धरलाय. रोजच धरतात त्या. मी रेडिओ मोठा केला. तुमचा मेसेज बघितला म्हणून वर गेलो, नाहीतर कशाला जातोय."

"तुमचे फार उपकार झाले. आता दोन-चार दिवस जरा—"

"मी नाही बाई. उद्यापासून दुकान बंद. सासुरवाडीला लग्न आहे, गेलो नाही तर बायको घरात घेणार नाही. आणि तुमची माणसं आहेत की. मावशीच म्हणाल्या मला, अख्खी मंडळी आहे माझ्या मागे. हसत होत्या कशाला कोण जाणे."

ती आत आली तेव्हा पाळकसाहेब सांगत होते की मावशींची पेटी आता कुठे वाजत असेल.

"साहेब," ती उभी राहून म्हणाली, "मावशी जिवंत आहेत. झोपल्या होत्या. नेहमीसारख्या."

तिची मुलगी तेवढी टाळ्या वाजवू लागली. मंडळीतल्या ज्यांची साक्ष पुढे होती, ते कागद घडी करून हळूच खाली बसले.

"नक्की ना?" खजिनदार म्हणाले. "नीट विचारलंस ना?"

पाळकसाहेब अनुभवी माणूस. त्यांनी एक श्वास घेतला आणि स्मरणसभेची आभारसभा केली. फुलं तीच, फोटो तोच, कोपरही तेच. आमेनचा गजर झाला. तो ओसरेपर्यंत ती उभीच राहिली.

"पायाला मार आहे. चालता येत नाही. इस्त्रीवाले उद्या गावाला जातायत. उद्या मावशींकडे कोण जाणार?"

पाळकसाहेबांनी डोळे मिटले. "आपण—"

"आपण नको, साहेब. आपण इथे आहोत. तिकडे कोण आहे ते सांगा."

मंडळी खरोखर विचारात पडली. सगळ्यांनी मोबाइल काढले आणि ज्याला त्याला एकच गोष्ट सुचली. एकाच वेळी सभागृहातले सगळे मोबाइल टुणटुणले. प्रत्येकाने मदतीची विनंती मंडळीच्या ग्रुपवर टाकली होती आणि मंडळी तर इथेच बसली होती. ती विनंती सगळ्यांनी वाचली, हात जोडल्याचं चित्र टाकलं. मग जेवणाची घंटा झाली.

ती भोजनगृहाच्या कोपऱ्यात मुलीला एकेक घास भरवत, दुसऱ्या हाताने मोबाइल चाळत बसली. खजिनदारांच्या मोबाइलमध्ये मंडळी होती. काळजीवाहू सरकारच्या मोबाइलमध्ये लस टोचणारी नर्स होती, शाळेच्या गाडीचा ड्रायव्हर होता, नळ दुरुस्त करणारा होता, आणि बागेत झोपाळ्यापाशी भेटलेल्या, नाव न विचारलेल्या कितीतरी आया होत्या. नवरा म्हणायचा, इतके नंबर कशाला गं जमवतेस. ती म्हणायची, असू देत, वेळ सांगून येत नाही.

मेसेज तिने कुठल्याच ग्रुपवर टाकला नाही. एकेकाला वेगळा पाठवला.

"तुम्ही मला ओळखत असाल, नसाल. चर्चच्या मागच्या गल्लीत इस्त्रीचं दुकान आहे, उद्या ते बंद असेल. त्याच्या बाजूने जिना आहे. कठडा हलतो, भिंतीकडून चढा. वर मावशी एकट्या आहेत, पायाला मार आहे. दार ढकललं की उघडतं. चहा केलात तर नावं ठेवतील, मनावर घेऊ नका. फोन कपाटावरून काढून त्यांच्या उशाशी ठेवा. हा मेसेज कृपा करून पुढे पाठवू नका. पुढे पाठवला की वाटतं, दुसरं कोणी गेलं असेल. कोणी गेलेलं नाही. तुम्हीच जा. जाऊन आलात की मला एवढंच कळवा, की मावशी जाग्या आहेत."