उसोकचा ताबा

सुल्येताई आणि मी योंगवोल गावातल्या शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होतो. ती सुपाच्या हंड्यावर, मी भातावर. तिचा एकुलता एक मुलगा उसोक सक्तीच्या सैन्यसेवेत गेला आणि सातव्याच महिन्यात, ऐन जुलैत, कवायतीच्या मैदानावर कोसळून मरण पावला. सैन्याचं पत्र आलं : जन्मजात हृदयविकार.

"भरती करताना ठणठणीत होता, आणि मेल्यावर जन्मापासून आजारी?" ताई म्हणाली.

तिनं मृतदेहाचा ताबा घ्यायला नकार दिला. "कसा गेला ते खरं लिहून द्या, मग नेते." उसोक लष्करी रुग्णालयाच्या शीतगृहात राहिला. एक वर्ष, दोन वर्षं, तीन. दर महिन्याला ती बसनं जायची, तिथले लोक शीतपेटीचा खण ओढून द्यायचे, आणि ती त्याच्या भुवयांवरचं हिम रुमालानं टिपायची. नवरा म्हणायचा, "पुरे गं, पोराला सुटू दे आता." मग त्यानं बोलणंच सोडलं.

तिनं सरकारवर दावा लावला. खालच्या कोर्टात हरलो. सरकारी वकील शांतपणे म्हणाला, मुलानंच आजार लपवला असावा. आमच्या बांग वकीलबाई बाहेर आल्यावर म्हणाल्या, "तिथं हजर असलेला एक माणूस बोलला पाहिजे. नाहीतर अपिलातही हेच होणार."

उसोकच्या तुकडीतल्या अकरा जणांनी फोन ठेवून दिला. बारावा ग्युहो. तो सैन्यसेवा संपवून आला होता आणि वोन्जूला टायरच्या दुकानात काम करत होता. आम्ही थेट तिथंच गेलो.

"काकू, मी तेव्हाच लिहून दिलंय. मला काही आठवत नाही."

ताई त्या तेलकट फरशीवर गुडघे टेकून बसली. मालक पाना हातात धरून बघत राहिला.

"उठा हो काकू! लोक बघतायत."

"बघू देत. माझा पोरगा पडला तेव्हा कोण बघत होतं, तेवढं सांग."

ग्युहोचा चेहरा पिळवटला. तोही खाली बसला. म्हणाला, उसोक पडला तेव्हा हवालदार ओरडला, नाटकं करतोय, पडू द्या. पाऊण तास उन्हात पडला होता. नंतर सगळ्यांकडून एकच मजकूर लिहून घेतला.

"आणि त्याची पाण्याची बाटली मी काढून घेतली, काकू. हुकूम होता."

"मागितलं होतं त्यानं पाणी?"

"दोनदा."

ताईचा हात उठला. मला वाटलं, आता मारते. पण तिनं त्याची कॉलर धरली आणि धरूनच ठेवली. "हे कोर्टात सांग."

"मलाच आत टाकतील."

"टाकलं तर डबा घेऊन मी येईन. पण सांग रे बाबा, सांग."

परतीच्या बसमध्ये ती बाही तोंडात कोंबून रडली. मी नुसती तिची पाठ धरून बसले.

ग्युहो आला. कोर्टात सगळं बोलला. अपिलात न्यायाधीशांनी मृत्यूची जबाबदारी सरकारवर टाकली. वकीलबाई रडल्या. ताई विचारत राहिली, "म्हणजे संपलं ना?"

संपलं नव्हतं. मुदतीच्या शेवटच्या दिवशी सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. ताईनं फोन ठेवला, एप्रन सोडला आणि म्हणाली, "चल, उसोकला आणू या."

"अगं, पण निकाल? इतकी वर्षं थांबलीस ना?"

"त्यांना आणखी दहा वर्षं लागतील. खरं काय ते मी ऐकलंय. त्याला आता गारठ्यात ठेवायचं नाही मला."

रुग्णालयात तिनं ताब्याच्या कागदावर सही केली. नवरा आला होता. खण ओढल्यावर त्यानं पहिल्यांदाच मुलाच्या गालाला हात लावला आणि तिथंच कोसळला. नवऱ्याला धरून आम्ही दहनाला गेलो. ग्युहो दहनगृहाच्या दाराशी उभा होता. ताईनं त्याला आत बोलावलं नाही, जा असंही म्हणाली नाही.

सोमवारी ती कामावर आली. दुपारी वकीलबाईंचा फोन आला, सर्वोच्च न्यायालयासाठी नव्या कागदांवर सह्या हव्या होत्या. "पाठवा," ती म्हणाली, आणि हंड्याखालचा गॅस कमी करून भिंतीला टेकून बसली. अजून तारीख लागलेली नाही.