जसंच्या तसं

तिला ना भाऊ ना बहीण, तरी नातेवाइकांत तिचं नाव पडलं होतं मधली. आईला ऐकू येत नसे, बाबांनाही नसे. हिला मात्र येत असे, जरा जास्तच. त्यामुळे आईबाबा एकीकडे, उरलेलं जग दुसरीकडे आणि ही कायम मध्ये. दुकानात ही, दवाखान्यात ही, आणि शाळेत स्वतःच्याच तक्रारी आईबाबांना सांगायलाही हीच! आता अशा वेळी कुठली मुलगी जसंच्या तसं सांगेल? वर्गशिक्षिका म्हणाल्या, "भयंकर बडबडी आहे, वर्ग डोक्यावर घेते." मधलीने हातांच्या खुणांनी सांगितलं, "वर्गात उत्साहाने भाग घेते." आईने कौतुकाने तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

एकदा खालच्या मजल्यावरचा घरमालक तणतणत वर आला. तुम्ही भांडी आपटता, दारं आपटता, माणसाला सुखाने झोपू देत नाही, म्हणून त्याने शिव्यांची लाखोली वाहिली. बाबाही ऐकून घेणारे नव्हते. त्यांच्या हातांनी घरमालकाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मधली दोघांच्या मध्ये उभी. घरमालकाला ती म्हणाली, "बाबा म्हणतात, चुकलं, पुढे लक्ष ठेवू." बाबांना तिने सांगितलं, "काका म्हणतात, काही लागलं तर हक्काने सांगा." दोघांनी हात मिळवले, आणि पुढे जन्मभर दोघेही एकमेकांबद्दल हेच सांगत राहिले, की माणूस दिसायला तापट आहे, पण मनाचा मोठा.

अशी मुलगी पुढे दुभाषी झाली यात नवल ते काय! रीतसर शिकली, परीक्षा दिली. तिथे पहिला धडाच असा होता, की दुभाष्याने पदरचं घालायचं नाही, दुसऱ्याचं गाळायचं नाही आणि समोरचा 'मी' म्हणाला की आपणही 'मी'च म्हणायचं. मधलीने तो धडा तोंडपाठ केला. पण कडू शब्द समोर आला की तिचे हात आपोआप त्यात साखर घालत. कुणाच्या लक्षात येत नसे, कारण दोन्ही भाषा जाणणारी खोलीत ती एकटीच असायची.

औषधाच्या दुकानावरच्या मजल्यावर एक समुपदेशन केंद्र होतं. तिथे तिला बोलावणं येऊ लागलं आणि तिची मॅडमशी गाठ पडली. मॅडम मानसशास्त्रज्ञ. बुटक्या, कापलेल्या पांढऱ्या केसांच्या. टेबलाखाली चपला काढून बसायच्या आणि चहा पार निवल्याशिवाय तोंडाला लावायच्या नाहीत. येणाऱ्या प्रत्येकाला सांगायच्या, "गोळ्या पलीकडच्या खोलीतले डॉक्टर देतात. मी नुसती विचारते."

आता, कुणी कशात मन लागत नाही म्हणालं, की आपल्यातले निम्मे लोक तिथल्या तिथे वैद्य होतात. फिरायला जा. कामात मन रमव. आम्ही नाही का सोसलं? मॅडमना या फुकटच्या सल्लागारांची मनस्वी चीड होती. शनिवारी सकाळी त्या बाहेरच्या खोलीत उभ्या राहत आणि येईल त्याच्या प्रश्नाला उत्तर देत. ज्यांना ऐकू येत नसे त्यांच्यासाठी मधली शेजारी उभी राहून ते खुणांनी सांगत असे. झोप येत नाही म्हणणाऱ्या निवृत्त मुख्याध्यापकांना त्या म्हणाल्या, "मग पलंगावर पडून तिची वाट कशाला बघता? उठा, खुर्चीत बसा, डोळे जड झाले की परत जा. पलंग काळजी करायची जागा नाही." छातीत धडधडतं म्हणून बसमधून मध्येच उतरून पळणाऱ्या पोरीला म्हणाल्या, "हृदय तपासून घेतलंस ना? ठीक आहे ना? मग पुढच्या वेळी उतरू नकोस. भीती वर चढते तशी खालीही येते. तू दर वेळी ती खाली यायच्या आत पळतेस, म्हणून तुला ते कधी कळलंच नाही." मुलगा खोलीचं दार लावून बसतो म्हणून रडणाऱ्या आईला त्यांनी विचारलं, "दाराबाहेरून तुम्ही काय म्हणता?" ती म्हणाली, "म्हणते, असं काय करतोस, सगळं चांगलं तर आहे!" मॅडम म्हणाल्या, "एक दिवस ते म्हणू नका. नुसतं, मी इथे बसलेय, एवढंच म्हणा आणि खरोखर बसा."

मधलीला या बाईचं भारी कौतुक वाटायचं. मॅडम कुणाला चुचकारत नसत, की कुणाला लागेल असंही बोलत नसत. जे असेल ते समोरच्याच्या पुढ्यात ठेवायच्या आणि स्वतः तिथून हलायच्या नाहीत. हे आपल्याला कधी जमायचं नाही, असं मधलीला मनापासून वाटे.

आणि मग कटिंग मास्तर आला. कपड्यांच्या कारखान्यात थरावर थर रचलेलं कापड एका घावात कापणारा हा पन्नाशीचा माणूस जन्मापासून ऐकू शकत नव्हता. त्याला घेऊन आली होती थोरली बहीण, तोंडाचा पट्टा सतत चालू असलेली. "झोपत नाही हो बाळ्या. जेवत नाही. कामावर कापड वाया घालवतो. एखादी झोपेची गोळी द्या की झालं," असं ती बाहेरच्या बाकावरच्या प्रत्येकाला सांगत होती. मास्तर आत येऊन बसला. चहा त्याच्या उजव्या हाताशी ठेवला, तर तो घ्यायला त्याने सबंध मान वळवली. मॅडमनी ते टिपलं. उठून त्यांनी दिवा सरकवला, मधलीची खुर्ची बरोब्बर त्याच्या समोर आणली आणि म्हणाल्या, "हात फार पसरू नकोस. चेहऱ्याजवळ ठेव. बाजूचं त्यांना दिसत नाहीये." मधली इतकी वर्षं हे काम करत होती, पण तिच्या लक्षात आलं नव्हतं.

मास्तरने हळूहळू सांगितलं. डोळ्यांच्या डॉक्टरने सांगितलंय की नजर कडेने आक्रसत चाललीय आणि यावर इलाज नाही. कापडाची कड दिसत नाही. रस्त्यात माणसं अंगावर येतात. घरी एकटाच असतो. मॅडम ऐकत होत्या, मध्ये फक्त केव्हापासून, किती वेळा, मग काय करता, एवढंच विचारत होत्या. मग त्यांनी मास्तरकडे बघत, चहा मागावा इतक्या साध्या आवाजात विचारलं, "मास्तर, तुमच्या मनात मरायचे विचार येतात का? स्वतःचा जीव घ्यावा असं वाटतं का?"

मधलीचे हात वर आले आणि हवेतच थबकले. तोंडाने बोललेला शब्द बोलून होतो न होतो तोच विरून जातो. हातांनी विचारायचं म्हणजे ते त्या माणसाच्या डोळ्यांसमोर धरायचं. आणि ज्याच्या मनात नसेल त्याच्या मनात आपणच घातलं तर? तिने विचारलं, "कधी कधी सगळ्याचा कंटाळा येतो का?"

मास्तर हसला. "येतो की. कुणाला येत नाही?"

मधलीने ते मोठ्याने सांगितलं. मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. मास्तरच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग मधलीच्या. "आता मी तुझ्याशी बोलणार आहे," त्या म्हणाल्या, "पण त्यांच्यासमोर बोलतेय, तेव्हा तेही त्यांना सांग. मी विचारलेला प्रश्न तू बदललास."

स्वतःची चहाडी स्वतःच्याच हातांनी करायची! पण मॅडम थांबून राहिल्या होत्या. तिने सांगितलं, "मॅडम म्हणतात, त्यांनी विचारलेला प्रश्न हिने बदलला." 'हिने' म्हणताना तिला स्वतःकडेच बोट दाखवावं लागलं.

"तुझे हात मला कळत नाहीत," मॅडम म्हणाल्या, "पण तुझा चेहरा कळतो. अर्धी भाषा तिथेच असते, हे तूच मला शिकवलंस. मी एवढं अवघड विचारलं आणि तुझी भुवईसुद्धा हलली नाही. उत्तरही कसं, लग्नाच्या पंगतीत दिल्यासारखं आलं. अगं, विचारल्याने तो विचार कुणाच्या मनात शिरत नाही. असेल तर तो आधीच आत आहे, आणि माणूस त्याच्यासोबत एकटा आहे. आपण विचारलं की निदान एकटा राहत नाही."

हेही तिने सांगितलं, अक्षर न गाळता. मास्तर खुर्चीत पुढे सरकला. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. त्याने विचारलं, "मग खरा प्रश्न काय होता?"

आता पळायला वाटच नव्हती. मधलीने हात चेहऱ्याजवळ आणले, त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि विचारलं. जीव, मरण, स्वतःच्या हाताने, सगळं. साखर नाही, पाणी नाही. प्रश्न संपल्यावर तिने चेहराही तसाच ठेवला, वळवला नाही.

"हो," मास्तर म्हणाला.

मग त्याचे हात थांबेनात. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तो ते पुसत नव्हता. पुसायला गेलं तर तेवढा वेळ समोरचं दिसणार नाही, आणि त्याला आता काहीच निसटू द्यायचं नव्हतं. "ऐकू येत नाही याचं मला कधी दुःख झालं नाही. पण हात दिसेनासे झाले तर माझ्याशी बोलणार कोण? अंधारात नुसतं बसून राहायचं? कुणी मला विचारलं नाही. मला वाटलं, या प्रश्नाला खूणच नसेल." मधली त्याचा 'मी' आपल्या तोंडाने बोलत राहिली. एकही शब्द गाळला नाही, की मवाळ केला नाही.

मॅडमनी 'असं बोलू नये' म्हटलं नाही, की सगळं ठीक होईल असंही म्हटलं नाही. त्यांनी सरळ पुढचं विचारलं. आज काही करायचं मनात आहे का? काही ठरवलंय का? घरी कोण येतं-जातं? उत्तरं ऐकून म्हणाल्या, "आज एकट्याने राहायचं नाही. इथून निघायच्या आधी पलीकडच्या डॉक्टरांना भेटायचं, उद्या सकाळी परत मला. आणि ज्या गोष्टीचा विचार मनात येतो, ती घरातून हलवायची. कोण हलवेल?" मास्तर म्हणाला, "ताई."

मधलीने तेवढ्यात मॅडमना विचारलं, "माझ्या पदरचं एक सांगू का?"

"विचारून घालतेयस ना? मग सांग."

तिने मास्तरला सांगितलं, की बाबांच्या एका मित्राला दिसेनासं झालं होतं, तेव्हा ते बोलणाऱ्याच्या हातांवर हात ठेवून बोलणं वाचायचे आणि गप्पा मारून मारून जीव नकोसा करायचे. मास्तरने शंकेने तिच्याकडे बघितलं. मग आपले दोन्ही पंजे तिच्या हातांवर ठेवले आणि डोळे मिटले. तिने सावकाश एक वाक्य केलं. त्याने डोळे उघडले, मान वळवून कप शोधला आणि बोट बुडवून पाहिलं. चहा खरंच गार झाला होता.

"अवघड आहे," तो म्हणाला.

"हो," मधली म्हणाली. "शिकावं लागतं."

ताईला आत बोलावलं. पन्नास वर्षांत या दोन भावंडांनी मिळून मूठभर खुणा तयार केल्या होत्या. त्यांत 'जेवलास का' होतं, 'लवकर ये' होतं, 'मला भीती वाटते' नव्हतं. ताई आत येता येताच सुरू झाली, "काय म्हणाला? झोपेचंच आहे ना? विशेष काही नाही ना?" आणि तिने मधलीचा हात धरला. तिच्या डोळ्यांत नुसती आर्जवं होती. नाही म्हण, एवढंच ती मागत होती. मधलीने हात सोडवून घेतला, कारण मास्तर बोलायला लागला होता.

"ताई," मधली म्हणाली, "मला मरावंसं वाटतं. बरेच दिवस वाटतंय. तुला कसं सांगू ते कळत नव्हतं."

ताई मटकन खाली बसली. मग सगळे शब्द एकदम आले. "गाढवा! मूर्खा! मला सांगायला काय धाड भरली होती? आईच्या मागे तुला वाढवला तो काय यासाठी? मेलास तर याद राख, जिवंत सोडणार नाही तुला! ऊठ. सामान घ्यायचं आणि माझ्या घरी चलायचं, आत्ताच्या आत्ता!"

मधलीने एकदा मॅडमकडे बघितलं. मॅडम टेबलाखाली पायाने चपला चाचपडत होत्या, डॉक्टरांना बोलवायला उठत होत्या. मग तिने मास्तरकडे वळून सगळं सांगितलं. गाढव सांगितलं, मूर्ख सांगितलं, आई सांगितली, आणि मेलास तर जिवंत सोडणार नाही, हेही ताईइतक्याच संतापाने, भुवया चढवून, गाल थरथरवून सांगितलं.

मास्तर बघत राहिला. त्याला पन्नास वर्षांत पहिल्यांदाच बहिणीचं बोलणं पुरतं ऐकायला मिळालं होतं. त्याच्या छातीतून हसण्याचा एक ओबडधोबड, मोठा आवाज बाहेर पडला आणि बाहेरच्या बाकावरची माणसं दचकली. त्याने ओल्या चेहऱ्याने हात वर केले.

"तुझा नवरा रात्रभर घोरतो म्हणतात," मधली त्याच्या वतीने म्हणाली, "मला काही त्रास नाही. चल, मी येतो."