सँडरवरचा आळ

मी लाकूड घासून गुळगुळीत करणारा सँडर. तळहाताखाली मावेन एवढा, पण सुरू झालो की घरातली माणसं एकमेकांशी बोलायची थांबतात. त्यामुळे माझं म्हणणं आजवर कोणी ऐकलेलं नाही. आत्ता प्लग काढलेला आहे, तेव्हा ऐकाच.

माझा जन्म कारखान्यात झाला. पोटात मोटर, खाली गोल गादी आणि त्या गादीवर चिकटवायचा पॉलिश पेपर, एवढाच माझा संसार. दुकानातून मालकांनी मला उचललं, तेव्हा मी भलताच खूश झालो. मालकांनी चाळीस वर्षं दाढी-कटिंगचं दुकान चालवलं होतं. गुडघे दुखतात म्हणून नुकतंच बंद केलं होतं आणि आता घरी सुतारकाम शिकायचं मनावर घेतलं होतं.

गॅलरीत कामाला सुरुवात झाली. मालकीणबाईंना चपला घालताना वाकता येत नसे, म्हणून दाराजवळ ठेवायला बाक करायचा होता. आधी खरखरीत ऐंशी नंबरचा पेपर, मग एकशेवीस, मग सगळ्यात बारीक दोनशेवीस. एक हात फिरवून झाला की मालक मानेवरचे केस झटकायच्या ब्रशने भुसा झटकायचे आणि बोटांची मागची बाजू फळीवरून फिरवायचे, गिऱ्हाइकाच्या गालावरून फिरवावी तशी. खुंट राहिलेले त्यांना अजिबात खपत नसत. असा मालक मिळायला नशीब लागतं, असं मला वाटायचं.

मग एका दुपारी त्यांच्या हातातली कपबशी वाजली.

"अहो, हात किती थरथरतोय!" मालकीणबाई म्हणाल्या.

"त्या मशीनचे हादरे गं. बसतील थोड्या वेळात."

मी अर्ध्या तासापासून बंद होतो! धडधडीत खोटं, आणि तेही माझ्या तोंडावर. पण आम्हा वस्तूंना उलट उत्तर देण्याची सोय नाही.

तेव्हापासून मालक मला ऊठसूट सुरू करू लागले. चहाच्या आधी, पाहुणे यायच्या आधी, कुठे सही करायची असली तर त्याच्याही आधी. फळी कधीच गुळगुळीत झाली होती. फळी प्लायवुडची, तिच्यावरचा सागाचा थर तो केवढासा, कागदासारखा! एक दिवस तो फाटला आणि मधोमध तळहाताएवढा फिकट डाग उघडा पडला.

"आता पुरे," मालकीणबाई म्हणाल्या. "आणखी घासलंत तर नुसता भुसा उरेल. भुशावर बसू का मी?" त्यांनी माझी वायर गुंडाळली. "पंधरा दिवस याला हात लावायचा नाही. तुमची थरथर थांबली, तर हे मशीन थेट भंगारात."

मला कपाटावर, जुन्या सुटकेसशेजारी बसवलं. भंगाराच्या नावाने माझी पाचावर धारण बसली होती. पण सहाव्या दिवशी खाली कपबशी पुन्हा वाजली, तेव्हा सुटल्याचा आनंद मला झाला नाही. त्यानंतर मालक स्टीलच्या पेल्यातून चहा पिऊ लागले, दोन्ही हातांनी धरून.

पंधराव्या दिवशी मालकीणबाईंनी मला खाली काढलं आणि मालकांच्या पुढ्यात ठेवलं.

"याचा काही दोष नाही."

"माहीत आहे मला," मालक म्हणाले.

"कधीपासून होतंय हे?"

"दुकान चालू होतं तेव्हापासून. गुडघ्यांना काही झालेलं नाही. नेहमीचे गिऱ्हाईक ते मास्तर, त्यांची दाढी करताना हनुवटीला वस्तरा लागला. त्यांनी नुसता कापूस मागितला गं. दुसऱ्या दिवशी मी शटर उघडलंच नाही."

"आणि हे मशीन?"

"लपायला आणलं. दुकानदार कमी हादरणारं दाखवत होता. मी मुद्दाम हे घेतलं."

मला वाटत होतं, त्यांनी मला माझ्या गुणांसाठी निवडलं. फार लागलं मनाला. पण मालकीणबाईंचा चेहरा पाहिला आणि माझं दुःख मला लहान वाटू लागलं.

"चाळीस वर्षं लोकांनी बिनधास्त तुमच्यापुढे मान दिली," त्या म्हणाल्या, "आणि तुम्हाला माझ्यापुढे हात लपवावासा वाटला?"

मालक रडले. दुसऱ्या दिवशी दोघं डॉक्टरांकडे गेले. आता गोळ्या चालू आहेत. थरथर कमी झाली आहे, गेलेली नाही. ती पुरती जाणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय. बाक डागासकट दाराजवळ आहे आणि मालकीणबाई रोज त्यावर बसून चपला घालतात. माझी वायर दोन ठिकाणी टेप लावून जोडली आहे, गादी झिजली आहे, पण मी कामावर आहे. तुम्हाला एकच विनंती करतो. दुखणं आपलं असेल तर त्याचं खापर आमच्यासारख्या मुक्यांवर फोडू नका. आम्ही निमूट ऐकून घेऊ, पण तुमची औषधाची वेळ निघून जाईल.

काल वरच्या मजल्यावरचे शेजारी आले होते. कपबशी वाजली तसे ते माझ्याकडे बघून म्हणाले, "या मशीनने हाताची वाट लावली वाटतं?"

"नाही हो," मालक म्हणाले. "मशीन चांगलं आहे. हातच माझा थरथरतो."

आणि कप सावरायला दुसरा हात न लावता तो त्यांनी मांडीवर तसाच राहू दिला.