गुरुजींची पाद्यपूजा

आमच्या केशोराव गुरुजींच्या पायांना हात लावल्याशिवाय नवेगाव बांधात कोणाचं काही सुरू होत नाही. पोरगं दहावीला बसलं, पाया पड. ट्रॅक्टर घेतला, पाया पड. धानाला भाव मिळाला तर पड आणि नाही मिळाला तरीही पड, कारण पुढच्या वर्षी मिळायला हवा. गुरुजींनी जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवलं. अर्धं गाव त्यांच्या हातचा मार खाऊन मोठं झालं, आणि लहानपणी ज्याने मारलं त्याला मोठेपणी देव मानायची आपल्याकडे पद्धतच आहे.

मी छोटेलाल, त्यांचा साळा. कोहमाऱ्याच्या चौकात माझं टायरचं दुकान आहे. थोरली बहीण शांतीबाई त्यांच्या घरी दिली आणि त्या दिवसापासून माझीही कंबर त्यांच्यापुढे वाकायला लागली, कारण भाटव्याच्या, म्हणजे बहिणीच्या नवऱ्याच्या, पाया पडावंच लागतं. दुकानात गाडी आली की मी आधी खाली वाकून टायर पाहतो. भाटव्यांपुढे एवढा वाकलो, पण त्यांचा तळपाय काही मी कधी पाहिला नाही. सगळ्यांसारखा मीही वरून हात लावून मोकळा.

पायाच्या तक्रारी तशा आमच्याकडे घरोघरी. रोवणीच्या दिवसांत बायकांच्या बोटांमध्ये चिखल्या होतात, उन्हाळ्यात टाचांना भेगा पडतात, कोणाचं नख मांसात घुसतं, कोणाला कुरूप होतं. औषधांना मात्र तोटा नाही. भेगांना मोहाच्या बियांचं तेल, चिखल्यांना हळद, नखाला दाढीचं ब्लेड आणि कुरुपाला बिब्बा. दात दुखला तर दातांच्या डॉक्टरकडे जावं, एवढं गावाला आता पटलं आहे. पायाचाही डॉक्टर असतो म्हटलं की लोक विचारतात, "मंग घोट्याचा वेगळा हाय का?"

गुरुजींना बरीच वर्षं शुगर होती. तिचाही गावाला अभिमान होता, कारण शुगर म्हणजे नोकरीवाल्याचा आजार. त्यांच्या डाव्या तळव्याला कुरूप झालं तेव्हा त्यांनी स्वतःच गरम बिब्ब्याचा चटका दिला. जळाल्याचा वास ओसरीभर पसरला आणि गुरुजी शांतपणे पेपर वाचत बसले. पाहणाऱ्यांनी हात जोडले. पुढे पुढे चालताना त्यांची चप्पल पायातून सुटून रस्त्यातच राहायची आणि ते तसेच पुढे निघून जायचे. मागून येणारा ती कपाळाला लावून घरी आणून द्यायचा. "गुरुजीले आता चपलेचाही मोह नाही उरला," असं पानठेल्यावर बोललं जाऊ लागलं.

माझ्या बहिणीला मात्र या वैराग्याचे डाग फरशीवर दिसायला लागले. लाल डाग. तिने एक दिवस गुरुजींचा पाय जबरदस्तीने उलटा करून पाहिला, तर कुरुपाच्या जागी खड्डा पडला होता आणि त्यातून वास येत होता.

ती त्यांना ओढूनच सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. तिथल्या तरुण डॉक्टरने जखम साफ केली, पट्टी बांधली आणि स्वच्छ सांगितलं, "गुरुजी, दुखणारा पाय परवडला. तुमचा दुखत नाही, म्हणून मला भीती वाटते. शुगरमुळे पायाची जाणीव गेली आहे. जखम खोल आहे, शेजारचं बोट काळपट दिसतंय. या आठवड्यातच नागपूरला पोडियाट्रिस्टकडे जा. ते फक्त पायांचंच पाहतात. उशीर केला तर पाय कापायची वेळ येईल."

घरी आल्यावर गुरुजींनी हे गणित आपल्या पद्धतीने सोडवलं. "लोक दुखते म्हणून दवाखान्यात जाते का नाही दुखत म्हणून? माझं दुखूनच नाही राहिलं. मंग नागपूर कायले?"

बाईने (थोरल्या बहिणीला मी बाईच म्हणतो) मला फोन केला. मी दुकान बंद करून गेलो, पाया पडलो आणि म्हटलं, "भाटवे, डॉक्टर सांगते तं जाऊन येऊ. माझी गाडी हाय."

"छोट्या," गुरुजी म्हणाले, "तू आपले टायर पाय."

विषय संपला. साळ्याने भाटव्याला शिकवायचं नसतं.

नेमका त्याच संध्याकाळी भुपेंद्र आला. हा गुरुजींचा जुना विद्यार्थी. शाळेत याला सातचा पाढा आला नाही, पण पुढे रस्त्यांची कंत्राटं घेऊन त्याने चांगलीच बेरीज केली. आता त्याला जिल्हा परिषदेचं तिकीट हवं होतं. गुरुजींना पंच्याहत्तरावं वर्ष लागलं होतं, म्हणून त्याने रविवारी शाळेच्या मैदानावर त्यांची पाद्यपूजा ठरवली होती. मंडप सांगून झाला होता. बॅनरवर गुरुजींचे पाय मोठे आणि भुपेंद्रचा चेहरा त्याहून मोठा होता.

पट्टी पाहून त्याचा चेहरा पडला. "अरे बाप रे! गुरुजी, पट्टीवर पानी कसं टाकू? फोटोत बरोबर नाही दिसनार."

"पाद्यपूजा राहू दे," बाई म्हणाली. "आधी नागपूर."

"काकू, टेन्शन काऊन घेता? संडे तो निकलने दो. सोमवारी मी स्वतः माझ्या गाडीत नेतो ना गुरुजीले. एसी गाडीत!"

गुरुजींनी मान डोलावली. खरं सांगायचं तर त्यांना ती पूजा हवी होती. रिटायर झाल्यापासून पाया पडणारे पुष्कळ होते, पण पाया पडून झाल्यावर शेजारी बसून दोन शब्द बोलणारं कोणी उरलं नव्हतं. लोक वाकायचे, उठायचे आणि मोटारसायकलला किक मारायचे. रविवारी तरी आपल्याजवळ माणसं तासभर बसतील, असं त्यांना वाटलं असेल. मला त्यांचा राग येतो आणि कीवही येते. शनिवारी रात्री त्यांनी स्वतःच्या हाताने पट्टी सोडून टाकली.

रविवारी सकाळी तलावावरून असा गार वारा सुटला होता की माईकवर बोलणाऱ्याचे दात वाजलेले मागच्या रांगेपर्यंत ऐकू येत होते. भुपेंद्रने हुकूम सोडला, "पानी गरम पायजे. फोटोत वाफ दिसली पायजे." आचाऱ्याने मसालेभातासाठी आधण ठेवलंच होतं. त्यातलं बादलीभर काढून त्याने स्टेजवर पाठवलं. त्यात विसण घालायचं ना आचाऱ्याला सुचलं, ना स्टेजवरच्या कोणाला. जो तो आपण फोटोत कुठे उभं राहायचं तेच पाहत होता.

गुरुजी खुर्चीत बसले. पितळी परातीत त्यांचे पाय ठेवले. भुपेंद्र गुडघे टेकून बसला, तोंड कॅमेऱ्याकडे आणि हातात लांब दांडीचा पळा. ओतलं पाणी. काय वाफ निघाली! फोटोग्राफर म्हणाला, "और एक बार, भैया!" भुपेंद्रने पुन्हा ओतलं. गुरुजी डोळे मिटून मंद हसत होते. परात भरत आली तेव्हा भुपेंद्रने पळा बाजूला ठेवला आणि गुरुचरण धुण्यासाठी दोन्ही हात पाण्यात घातले.

"मर गया रे!"

माईक चालू होता. सगळ्या मैदानाने ऐकलं. भुपेंद्र हात झटकत, बोटांवर फुंकर घालत स्टेजभर नाचू लागला. गुरुजींनी डोळे उघडले आणि मायेने विचारलं, "काय झालं रे, भुपेंद्र?"

त्यांचे पाय तेव्हाही त्याच पाण्यात होते.

 मग सूत्रसंचालन करणाऱ्या मास्तरांनी संधी साधली. "बंधूंनो आणि भगिनींनो! उकळत्या पाण्यात पाय, आणि चेहऱ्यावर हसू! याला म्हणतात तपश्चर्या!" टाळ्यांचा कडकडाट झाला. बायकांनी हात जोडले. एक जण तर तीर्थ न्यायला प्लास्टिकची बाटली घेऊन पुढे सरकला.

आणि माझी बहीण, जी जन्मात कधी स्टेजवर चढली नव्हती, ती लुगडं खोचून चढली. तिने परातीला लाथ घातली. तीर्थ मान्यवरांच्या बुटांवर गेलं.

"टाळ्या काय वाजवता रे, मुडद्यांनो! त्याईले लागूनच नाही राहिलं! पाय शिजून राहिले त्याईचे, न तुमी टाळ्या वाजवता!"

तिने टॉवेलने त्यांचा डावा पाय उचलला, तर टॉवेलला कातडी चिकटून आली. गुरुजींनी खाली वाकून पाहिलं. त्यांच्या शाळेत मी सात वर्षं होतो, पण त्यांना घाबरलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. 

भुपेंद्रची एसी गाडी मैदानाबाहेरच उभी होती. ती ताबडतोब निघाली, पण भुपेंद्रला घेऊन. त्याची बोटं पोळली होती आणि त्याला ती दुखत होती. ज्याचं दुखतं त्याला गाडी मिळते. गुरुजींना आम्ही माझ्या मालाच्या गाडीत टायर सरकवून झोपवलं, सरकारी दवाखान्यात पट्टी करून घेतली आणि तसेच नागपूरला घेऊन गेलो. सबंध रस्ता बाईने त्यांचे पाय मांडीवर धरले होते.

पायांच्या डॉक्टर म्हणजे डॉ. गुंजन, तिशीची मुलगी. ती गुरुजींपुढे स्टुलावर बसली आणि त्यांच्या पायाशी वाकली, तसा गुरुजींचा हात सवयीने वर आला. "सुखी राहा, बेटा," ते पुटपुटले.

"राहीन," ती म्हणाली, आणि पाय हलकेच उलटा करून तळवा बघत बसली. किती तरी वेळ बघत होती. मग तिने नायलॉनचा एक बारीक ताठ धागा घेतला. "गुरुजी, डोळे मिटा. मी या धाग्याने पायाला टोचते. लागलं की हो म्हणा."

गुरुजींनी डोळे मिटले. डॉक्टरने उजव्या पायाचा अंगठा टोचला. मग तळवा, मग टाच. मग डावा पाय. दोन्ही पायांच्या भाजलेल्या जागा सोडून सगळीकडे. धागा दर वेळी वाकत होता, तो मला दिसत होता, बाईला दिसत होता. गुरुजी परीक्षेला बसलेल्या पोरासारखे कान देऊन वाट पाहत होते. शेवटी ते नम्रपणे म्हणाले, "मॅडम, करा ना सुरू."

डॉक्टरने धागा खाली ठेवला. "झालं, गुरुजी."

त्यांनी डोळे उघडले. कोणी काही सांगायची गरज नव्हती. त्यांनी बाईकडे पाहिलं. "म्हणजे पाय भाजत होते न मी हसत होतो?"

"हो," बाई म्हणाली.

गुरुजी रडले. आवाज न करता रडले, आणि मला तिथे उभं राहवेना, पण मी उभा राहिलो.

पायाचे एक्स-रे निघाले, रक्तप्रवाह तपासला गेला. संध्याकाळी डॉक्टरने सांगितलं, "पाय वाचवता येईल. डाव्या पायाची दोन बोटं मात्र काढावी लागतील. हाडापर्यंत गेलंय. दवाखान्यातून सांगितलं त्याच दिवशी आले असते, तर बहुतेक तीही राहिली असती." मग तिने बाईला बसवून समजावलं. तळपाय रोज पाहायचे. ब्लेड, बिब्बा बंद. घरातही अनवाणी चालायचं नाही. पाणी आधी आपल्या कोपराने बघायचं. पाय लाल झाला, सुजला, काळा पडला, साधी चीर जरी भरेना झाली, तरी दुखायची वाट न पाहता यायचं. बाई मान डोलवत होती.

तेवढ्यात तिच्या पिशवीतला गुरुजींचा फोन वाजला. भुपेंद्र होता. स्पीकर चुकून सुरू झाला, म्हणून आम्ही सगळ्यांनीच ऐकलं.

"काकू, गुरुजी कसे आहेत? टेन्शन नका घेऊ. आपला व्हिडिओ लाखभर लोकाईनं पाहिला ना! आमगाववाले मांगून राहिले, तिकडंबी एक पाद्यपूजा पायजे. आता पानी कोमट ठेवू, गॅरंटी. पुढच्या महिन्याची तारीख देऊ का?"

बाईने फोन तोंडाजवळ धरला. तिचा आवाज चढला नाही.

"भुपेंद्र, त्याईचे पाय आता कोनाच्या परातीत येत नाही. दोन बोटं कापून राहिले इथं. तुले पूजाच करायची असन तं ये, ते दोन घेऊन जा."

पलीकडे तो हॅलो हॅलो करत राहिला. तिने फोन बंद केला, पिशवीत टाकला आणि डॉक्टरला म्हणाली, "मॅडम, पट्टी घरी कशी बांधाची, ते एकदा दाखवून द्या."